भिंतीवरच्या बाईचं हळदीकुंकू

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये तेवीस वर्षं मी चैत्रातलं हळदीकुंकू केलं आणि एकही सवाशीण रिकाम्या हाती गेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. एके काळी चाळीस जणी यायच्या. बँकवाल्या, इन्कमटॅक्सवाल्या, गार्डन रीचहून दोन बस बदलून येणाऱ्या रेल्वेवाल्या. दाराशी चपलांचा असा ढीग, की निम्म्या जणी दुसरीच्याच चपला घालून घरी जात! मग बदल्या झाल्या, माणसं निवृत्त झाली. शोभा नागपूरला, सुनंदा नाशिकला. यंदा यादीत एकच नाव उरलं, प्रेमलता. तिचा सकाळीच फोन आला, गुडघा धरलाय.

पातेलंभर आंब्याची डाळ आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. डाळ मी संपवतो, असा धीर आमच्या ह्यांनी, जयप्रकाशनी, दिला. पण कुंकू काय यांना लावू?

भाजीला निघाले, तर कोपऱ्यावर ती बसलेली. आमच्या ऋचाची बाई. लेक जाहिरात कंपनीत आहे. एका चहावाल्यांसाठी तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं भिंत रंगवून घेतली होती. लाल ओट्यावर कप घेऊन बसलेली, माणसाएवढी बाई. शेजारचा ओटा मात्र खरा, सिमेंटचा. जाणाऱ्या-येणाऱ्यानं तिथं टेकायचं, तिच्यासोबत फोटो काढायचा, कंपनीला पाठवायचा. चार वाजता चहावाले साहेब बघायला येणार होते. ओटा गजबजलेला दिसला तर ऋचाला आणखी दहा भिंती, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली.

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि बाईचं कपाळ मोकळं.

मी घरी जाऊन करंडा घेऊन आले. हळद लावली, कुंकू लावलं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, म्हणजे तिच्यापुढे ठेवले. घरी येऊन गाढ झोपले.

साडेतीनला ऋचाचा फोन. "आई, आमची बाई देवी झाली."

कोलकात्यात भिंतीवर कुंकू दिसलं की काय होतं, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. आधी एका रिक्षावाल्यानं हात जोडले म्हणे. मग जास्वंदी आल्या, उदबत्त्या आल्या. मिठाईवाल्यानं संदेशाच्या वड्या ठेवल्या. ओट्यावर टेकणं सोडाच, लोक दहा हातांवर चपला काढत होते. साहेब वेळेआधीच आलेले, तेही अनवाणी.

मी कोपऱ्यावर पोचले, तोवर ऋचानं हरभरे ओळखले होते. "आई, तू केलं हे?"

"एकटीच बसली होती गं."

कोण, ते तिनं विचारलं नाही. नुसता माझा हात धरला.

मग मी सरळ जाऊन ओट्यावर बसले. गर्दीत कुजबुज झाली. ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या, शेजारी बसता, मासीमा, असं एका आजोबांनी दटावलं. माझ्या मोडक्या बंगालीत मी सांगितलं, की ही देवी नव्हे, माझी पाहुणी आहे, आणि आमच्याकडे आजच्या दिवशी पाहुण्यांना डाळ देतात. जयप्रकाशना पातेलं आणायला फोन केला. बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई धीर करून शेजारी टेकली. तिला कुंकू लावलं, हातावर डाळ ठेवली. मग तिची जाऊ आली. मग रांगच लागली. फोटोच फोटो! पातेलं रिकामं झालं तेव्हा मी मोजल्या, बेचाळीस जणी.

ऋचाला दहा भिंती मिळाल्या. आता प्रत्येक बाईखाली कंपनीनं पाटी लावली आहे, की चित्राला हळदकुंकू लावू नये. बंगालीत, हिंदीत आणि इंग्रजीत.

मराठीत नाही. ऋचाच्या हे लक्षात आलेलं नाही, आणि मीही काही बोललेले नाही.