कलेजी भरडावी ती वनमालाबाईंनीच!

"भरडायचंय गं वने, दळायचं नाही! टरफल सुटलं की हात थांबव. आतला दाणा दुखावला तर डाळीचं पीठ होईल, पीठ!"

वाकोल्याच्या चाळीत, जात्याशी बसून शेवंतीनं आपल्या लेकीला हे सांगितलं त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. शेवंती गेली, जातंही गेलं. आवाज तेवढा मागे राहिला. आणि त्या आवाजाच्या जोरावर तिची लेक, घाटकोपरच्या एका कॉलेजातल्या जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या मदतनीस वनमालाबाई, छातीठोकपणे सांगायच्या, "दहिसरपासून मुलुंडपर्यंत फिरून या! पेशी फोडून आतलं केंद्रक शाबूत काढणारा असा हात दाखवा, उद्या नोकरी सोडते!"

खोटं नव्हतं हो! बकऱ्याची ताजी कलेजी बारीक चिरायची, बर्फगार साखरपाण्यात घालायची आणि जाड काचेच्या नळीत दांड्यानं रगडायची. कमी रगडली तर पेशी ढिम्म फुटत नाहीत. जास्त रगडली तर पेशींच्या पोटातली केंद्रकंही फुटतात आणि वाट लागते. बेतानं रगडली तर मात्र नळी यंत्रात गरागरा फिरवली की जड केंद्रकं तळाशी बसतात, हलकं सगळं वर राहतं. तळातला थेंब निळ्या रंगात रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, की झालं.

पण बेतानं म्हणजे किती? पुस्तकात लिहिलं होतं, 'योग्य तेवढे दाब द्यावेत'. आता योग्य तेवढे म्हणजे केवढे, हे पुस्तकाच्या बापाला तरी ठाऊक होतं का? वनमालाबाईंना होतं. त्या ओव्यांनी मोजायच्या. दांडा खाली जाताना एक ओळ, वर येताना दुसरी.

*पहिली माझी ओवी, बर्फाच्या गं पाटाला,*
*हळू उतर दांड्या, धक्का नको काठाला.*

अशा करत करत आठवीपर्यंत जायचं.

*आठवी माझी ओवी, साखरेच्या पाण्याला,*
*टरफल सोडून ये, जप आतल्या दाण्याला.*

आठवी संपली की हात थांबला! पण हे सगळं दार लावून, ओठातल्या ओठात. बावीस वर्षांत हा आकडा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. विभागप्रमुख दीप्ती मॅडमनाही नाही. मॅडम म्हणायच्या, "वनमालाबाई म्हणजे माझा उजवा हात." उजव्या हाताला आणखी काय हवं?

मग महिन्यापूर्वी श्रुतिका आली. दहिसरची पोरगी, एम.एस्सी. झालेली, नवीन मदतनीस. पहिल्याच दिवशी तिनं स्लाइडवर काच अशी अलगद टेकवली की खाली एक बुडबुडा नाही! मॅडम म्हणाल्या, "वा श्रुतिका, झकास!"

बावीस वर्षांत वनमालाबाईंच्या वाट्याला 'झकास' आलं नव्हतं. 'छान' यायचं. फार तर 'छानच'.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी आपल्या कपातला अर्धा चहा श्रुतिकाला दिला. वनमालाबाईंना दिवसभर ठसका लागला. तिसऱ्या आठवड्यात तर कहर झाला! मायक्रोस्कोपच्या कपाटाची चावी, जी बावीस वर्षं एकट्या वनमालाबाईंच्या कमरेला होती, तिची जुळी बहीण मॅडमनी श्रुतिकाच्या हातात ठेवली. वनमालाबाईंच्या पोटात जशी कुणी सुकी मिरची निखाऱ्यावर टाकली!

"शिवदासभाऊ," त्या शिपायाला म्हणाल्या, "कपाट एक आणि चाव्या दोन, हे काय बरं दिसतं?"

"सोय होते ना बाई," शिवदास म्हणाला.

"सवतीचीपण सोयच होते रे, धुणी-भांडी वाटून घेतात!"

अशात गुरुवारी तपासणी समिती यायची ठरली. आणि समितीपुढे कलेजीचा प्रयोग कोण करणार? श्रुतिका!

बुधवारी पोरगी आली वही-पेन घेऊन. "मावशी, पुस्तकात आकडाच नाहीये. किती दाब द्यायचे हो?"

वनमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कमरेला लटकणाऱ्या चावीकडे पाहिलं. आणि जिभेनं परस्पर कारभार उरकला.

"चाळीस."

"चाळीस? एवढे?"

"मग काय! मन लावून रगड. लाजू नको."

बेत पक्का होता. पोरीचा लगदा होणार, मॅडम घाबरणार, "वनमालाबाई, वाचवा!" म्हणणार. कलेजीचा दुसरा तुकडा त्यांनी बर्फात तयारच ठेवला होता.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष सर चष्मा कपाळावर चढवून नळीत डोकावले. श्रुतिकानं मन लावून, न लाजता, चाळीस दाब दिले. तिसाव्या दाबाला दांडा जड झाला. चाळिसाव्याला नळीत जे काही उरलं ते पाहून भेंडीच्या भाजीनंही मान खाली घातली असती! चिकट, बुळबुळीत, तार सुटणारं! श्रुतिकानं त्यात काचेची कांडी बुडवून बाहेर काढली तर तिच्यामागून हातभर लांब धागा लोंबत आला.

मॅडम पांढऱ्या पडल्या. वनमालाबाई पदर खोचून पुढे सरसावल्या.

आणि अध्यक्ष सर ओरडले, "अहो, हा तर डीएनए! धाग्यासारखा काढून दाखवला! एवढ्या कॉलेजांत फिरलो, असं कुणी दाखवलं नाही!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. कुणी कांडीचा फोटो काढला, कुणी कांडीसकट श्रुतिकाचा. शिवदासनंही एक सेल्फी घेतला. वनमालाबाईंचा खोचलेला पदर तसाच राहिला. खड्डा खणला त्यांनी, आणि त्यातून पोरीला विहिरीचं पाणी लागलं!

"कृती नोंदवून घेतो," अध्यक्षांनी पेन काढलं. "किती दाब दिलेत?"

"चाळीस, सर."

"चाळीस?" मॅडम एकदम वळल्या. "अगं, आपल्याला केंद्रकं हवी होती, त्यांचा रस नाही! चाळीस कुणी सांगितलं तुला?"

वनमालाबाईंचं काळीज यंत्रात घातल्यासारखं तळाशी बसलं. आता पोरगी बोट दाखवणार. बावीस वर्षं पाण्यात!

श्रुतिकानं एकदा मावशींकडे पाहिलं. "कुणी नाही, मॅडम. माझंच मोजायला चुकलं."

मॅडमचा आवाज बारीक झाला. "मग राहू दे. हे काम तुझं नव्हे. चावी वनमालाबाईंकडे दे आणि उद्यापासून जर्नल तपासायला बस."

चावी वनमालाबाईंच्या तळहातावर आली. हवी होती तीच चावी, मागितली होती तशीच! मग ती तापल्या तव्यासारखी का लागत होती?

"वनमालाबाई, तुम्ही दाखवा हो सरांना केंद्रकं," मॅडम म्हणाल्या.

बर्फातला तुकडा निघाला. ओव्या ओठांत आल्या, दांडा खाली-वर झाला, नळी गरागरा फिरली. स्लाइड मायक्रोस्कोपखाली गेली. निळी केंद्रकं, गोल, टपोरी, एकही दुखावलेलं नाही! जणू आभाळानं जोंधळा पाखडला होता.

"झकास!" मॅडम म्हणाल्या.

बावीस वर्षांनी आलेला तो शब्द. वनमालाबाईंनी स्वतः डोळा लावून पाहिलं, पण त्यांना काही दिसेना. नुसतं पाणी.

"भिंग पुसू का, मावशी?" मागून श्रुतिकानं हळूच विचारलं.

"बाई, मला ही कृती हवीच!" अध्यक्ष सरांनी नवं पान उघडलं. "पायरीपायरीनं सांगा. घाई नको, मी शब्द न् शब्द लिहून घेतोय. हं, पहिली पायरी?"

वनमालाबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"लिहा सर. पहिली पायरी. शिकायला आलेल्या पोरीला खरा आकडा सांगायचा. आठ. मी हिला चाळीस सांगितला. हिच्यावर जळत होते म्हणून... लिहिलंत?"