लाल बत्तीची सायकल

आमच्या हिंदी मुलखातल्या माधव नगरच्या गल्लीतून अंधार पडल्यावर कोणी बिनबत्तीची सायकल चालवत निघाला, की मागून त्याचं कॅरियर गच्च धरलं जातं. धरणारीचं वय अडुसष्ट, उंची पाच फुटांच्या आत, नाव विमलकाकू. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. प्रश्न एकच असतो, "बत्ती किधर है?"

सायकलवाल्याने रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं तरी सुटका नाही. काकूंच्या पिशवीतून कात्री आणि चमकणाऱ्या लाल पट्टीचं रीळ निघतं आणि मागच्या मडगार्डवर पट्टी चिकटते. शिवाय बत्ती बसेपर्यंत सायकल हातात धरून चालायची, अशी ताकीद. भाजीवाल्याच्या ठेल्याला पट्टी आहे. दूधवाल्याच्या कॅनना आहे. कॉलनीतल्या काळ्या गाईच्या गळ्यातही आहे, आणि ती बांधून घेताना गाईने कॉलनीच्या सेक्रेटरींपेक्षा कमी कुरकुर केली.

काकूंच्या स्वतःच्या सायकलला पुढे पांढरा दिवा, मागे लाल, पेडलला पट्ट्या, चाकांच्या तारांतही पट्ट्या. ती गल्लीत वळली की पोरं म्हणतात, बारात आली. एकदा सेक्रेटरी हसत म्हणाले, लाल बत्ती तर आता मंत्र्यांचीसुद्धा बंद झाली. काकू म्हणाल्या, "त्यांची वर होती, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. माझी मागे आहे, कोणी अंगावर येऊ नये म्हणून."

टावर चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराला त्यांनी नियम सांगितला, तेव्हा तो म्हणाला, मॅडम, सायकलचा कुठे चालान होतो. काकूंनी वाद घातला नाही. आठवडाभर रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बत्ती विचारत राहिल्या. आठव्या दिवशी तो आपणहून शिट्टी मारायला लागला.

परवा त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याहून आला. सेक्रेटरींनी त्याला आधीच फोनवर सगळं ऐकवलं होतं. या वयात अंधाराची सायकल नको, असं म्हणून त्याने सायकलला साखळी घातली आणि किल्ली खिशात टाकली. तो गुरुवार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी काकू कुठे तरी जातातच. कुठे, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

"दिवस मावळला म्हणून मी घरात बसायचं, असं कुठे लिहिलंय?" एवढंच त्या मिलिंदला म्हणाल्या. मग सायकलचा लाल दिवा काढला, पाठीमागे पदराला अडकवला, पांढरा हातात घेतला आणि पायी निघाल्या. मिलिंद घाबरून माझ्याकडे आला. आई मला सोबत येऊ देणार नाही, तुम्ही जरा मागोमाग जा, म्हणाला. स्कूटर हळू हळू चालवत मी त्या लाल ठिपक्यामागे नानाखेड्यापर्यंत गेलो.

बस स्टँडच्या मागे एका शिंप्याच्या लहानशा दुकानात त्या शिरल्या. मीही दारात पोचलो. मला बघून त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं बाकाकडे बोट दाखवलं. शिंपी मास्टर सत्तरीचे असतील. आमच्यासाठी चहा सांगायला ते उठले, तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसल्याचं दिसलं.

मास्टर बाहेर गेल्यावर काकूंनी मला सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी त्या स्कूटर चालवायच्या. एका संध्याकाळी शाळेतून परतताना पुढे मास्टरांची सायकल होती, बिनबत्तीची. काकूंना ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. चूक सायकलवाल्याची, असं पोलीस म्हणाले, घरचे म्हणाले, दवाखान्यात खुद्द मास्टरही म्हणाले. काकूंनी स्कूटर विकून टाकली आणि घरी तो विषय बंद केला.

एवढ्यात मास्टर परत आले. बोलणं कशाचं चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"मैडम को कितनी बार बोला," ते मला म्हणाले, "बत्ती मेरी साइकिल पे नहीं थी."

"आपने नहीं लगाई, ठीक है," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "पर सामने आदमी था, मास्टरजी. मैंने नहीं देखा."

मास्टरांनी सुयांची डबी आणि दोऱ्याचं रीळ काकूंपुढे सरकवलं. काज-बटणाचं काम ते अजून हातानेच करतात, पण सुईच्या बारीक नेढ्यात दोरा ओवणं आता त्यांच्या डोळ्यांना जमत नाही. आठवडाभराच्या सुया काकू ओवून देतात. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पहिली सुई डोळ्यांजवळ धरली.

मी मिलिंदला फोन करून साखळी काढून ठेवायला सांगितलं. मग बाकावर टेकलो, कारण अजून बऱ्याच सुया बाकी होत्या.