प्रसंग एकतीस : लोक घाबरून पळतात

पटकथेप्रमाणे

बाहेर. दिवस. कसबा पेठेतली गल्ली. वळणावरून हिरवा परग्रहवासी येतो. लोक त्याला पाहतात. लोक घाबरून पळतात.

कादंबरीप्रमाणे

बाहेर. दिवस. तीच गल्ली. वळणावरून हिरवा परग्रहवासी येतो. लोक त्याला पाहतात. लोक आपापलं काम करत राहतात.

या दोन प्रसंगांच्या मधल्या फटीत भाग्यश्री अडकली होती. 'पत्ता विचारू नये' या कादंबरीवरून ती सिनेमा करत होती. त्या कादंबरीत परग्रहावरचा एक हिरवा माणूस पृथ्वी जिंकायला येतो, सुरुवात म्हणून कसबा पेठेत उतरतो आणि एक पत्ता विचारतो. एकही माणूस चकित होत नाही. कोणी त्याला मागच्या बोळात पाठवतं, कोणी पुढच्या, कोणी आधी चपला काढायला सांगतं. शेवटी हा अपमान सोसेनासा होऊन तो पृथ्वी जिंकण्याचा बेतच रद्द करतो. पुण्यातली कितीतरी घरं हे पुस्तक आजारपणात, प्रवासात आणि जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवून वाचत आली होती. मुखपृष्ठावर आमटीचा डाग नसलेली प्रत सापडणं कठीण होतं.

पण सिनेमाचा निर्माता होता उत्तरेश्वर देवधर. तो बरीच वर्षं अमेरिकेत राहून आला होता आणि आता हिंजवडीत त्याची काचेची सॉफ्टवेअर कंपनी होती. तिकडे कोणाला उत्तरेश्वर म्हणता येईना, म्हणून त्याचा यूडी झाला. परत आल्यावर इथल्यांना म्हणता येत होतं, पण तोवर त्याला यूडीची सवय झाली होती.

"एलियन आला तर लोक पळतात," यूडी म्हणाला होता. "इट्स बेसिक."

"पण सर, न पळणं हीच तर गंमत आहे."

"मला कळते गं ती. डॅलसमधल्या माणसाला कळली पाहिजे ना. हे बघ, रविवारी लोक पळताना शूट झाले तर पुढचं शेड्यूल. नाहीतर आपण प्रोजेक्ट क्लोज करू."

त्याच्या कंपनीत 'क्लोज' या शब्दाला वजन होतं. तो उच्चारला की दुसऱ्या दिवशी टेबलावर फक्त मनीप्लँट उरायचा. भाग्यश्रीने या सिनेमासाठी चांगली नोकरी सोडली होती, अर्धा सिनेमा डब्यांत बंद होऊन पडला होता, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी यूडीशिवाय कोणी नव्हतं. तिने पटकथेत 'पळतात' असं लिहिलं, आणि नंतर बराच वेळ त्या शब्दाकडे पाहायचं टाळलं.

घडलं त्याप्रमाणे

तिची एकच चूक झाली. गर्दी म्हणून तिने गल्लीतल्याच लोकांना बोलावलं. लोक आनंदाने तयार झाले. आपल्याच गल्लीवरची कादंबरी, आपल्याच गल्लीत सिनेमा. रविवारी सकाळी सगळे वेळेवर, अंघोळी करून हजर होते.

परग्रहवासी झाला होता योगेश. तो यूडीच्या कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा आणि शनिवार-रविवार नाटकं करायचा. त्याच्या अंगावर हिरवं रबर आणि डोक्यावर दोन स्प्रिंगा होत्या. कॅमेऱ्यामागे मुनव्वर होता. तो आधी लग्नांचं शूटिंग करायचा.

"ॲक्शन," भाग्यश्री म्हणाली.

योगेश वळणावरून आला. स्प्रिंगा हलल्या. किराणा दुकानदार रतनशेठ साबुदाणा मोजत होते, ते मोजत राहिले. ओट्यावर यमुनाबाई मटार सोलत होत्या, त्यांनी योगेशकडे पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

"कट. रतनशेठ, पळायचं होतं."

"कशाला?"

"परग्रहवासी आलाय ना."

"दिसतोय की. पण पुस्तकात मी पळत नाही."

"पुस्तकात तुम्ही नाही आहात."

"चौथ्या प्रकरणात दुकानदार आहे की नाही? मान वर न करता 'पुढच्या बोळात विचारा' म्हणतो तो? ते आमचे वडील. वडील पळाले नाहीत, मी कसा पळू?"

"यमुनाबाई, तुम्ही तरी..."

"मला गुडघ्यांमुळे पळता येत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "आणि येत असतं तरी पळाले नसते."

भाग्यश्रीने समजावून सांगितलं. पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. माध्यम बदललं की काही गोष्टी बदलाव्या लागतात.

"माध्यम बदललं," रतनशेठ म्हणाले, "पण गल्ली तीच आहे ना?"

घडलं त्याप्रमाणे, थोड्या सुधारणेसह

शेवटी पोरीचा चेहरा बघून लोकांना दया आली आणि ते पळायला तयार झाले. म्हणजे त्यांच्या मते ते पळाले. आधी सगळ्यांनी नीट चपला घातल्या. एकांनी दाराला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मग सगळे एकमेकांना 'तुम्ही व्हा पुढे' करत गल्लीतून निघाले.

"मॅडम," मुनव्वर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "हे घाबरलेले नाहीत. हे मतदानाला निघालेत."

दोन टेकच्या मध्ये योगेश यमुनाबाईंच्या ओट्यावर टेकला. रबरात त्याचा जीव चालला होता. यमुनाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि तो पीत असताना त्याच्या स्प्रिंगा हाताने बाजूला धरल्या.

"कुठले आपण?"

"मी अकोल्याचा आहो जी."

यमुनाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "अकोल्याचे? आणि इथे एकटे राहता? जेवणाचं काय करता?"

"मेसमध्ये जेवून राह्यलो."

"अगं बाई," म्हणत यमुनाबाईंनी तोंडावर हात ठेवला. रतनशेठ दुकानातून बाहेर आले. चार माणसं जमली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अस्सल, निखळ आश्चर्य होतं.

"मुनव्वर, घेतलंस?" भाग्यश्री ओरडली.

"रीळ बदलत होतो," मुनव्वर म्हणाला.

घडलं त्याप्रमाणे, बाहेरून माणसं आणून

योगेशने फोन केले. त्याच्या कंपनीतली पोरं बाइकवरून आली. त्यांना पळायला काहीच अडचण नव्हती. ॲक्शन म्हणताच ती जीव घेऊन पळाली, आणि पहिल्या दहा पावलांतच गल्लीने त्यांना अडवलं.

"अहो, काय झालं? कोणाकडे जायचंय?"

"काका, एलियन..."

"तो? तो अकोल्याचा आहे. चांगला मुलगा आहे."

एका मुलीला तर कोणीतरी बसवून पाणी दिलं आणि दम लागलेला असताना पळू नये हे सांगितलं. दुसऱ्याला, ओट्यावर बूट घेऊन चढल्याबद्दल, जे सांगितलं ते तो पुढे बरेच दिवस ऑफिसात कोणाला सांगत नव्हता.

"आमच्यासमोर आमच्या पाहुण्याला भिऊन पळायचं," रतनशेठ म्हणाले, "ही कुठली पद्धत?"

लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे

आता एकच उपाय राहिला होता. कादंबरीचे लेखक ज्ञानदेव आठल्ये जवळच नारायण पेठेत राहत. वय झालं होतं, पण तब्येत ठणठणीत होती. लेखकानेच सांगितलं तर वाचक ऐकतील, असं भाग्यश्रीला वाटलं. मुनव्वर त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला.

आठल्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग पळू द्या की," ते म्हणाले. "मला काय? खरं सांगू का, मी पहिल्या खर्ड्यात लोकांना पळवलंच होतं. आमची ही म्हणाली, इथे इतकं कोण पळतं? म्हणून खोडलं. मला स्वतःला पळतानाच जास्त आवडले होते."

रतनशेठांनी साबुदाण्याचं माप खाली ठेवलं.

"आठल्ये," रतनशेठ सावकाश म्हणाले, "रागावू नका, पण तुम्हाला ही कादंबरी कळलेली दिसत नाही."

"मी लिहिलीय ती."

"लिहिलीत ना. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण तुम्ही ती एकदाच लिहिलीत. आम्ही दर उन्हाळ्यात वाचतो."

आठल्ये विचारात पडले. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, हिरव्या योगेशकडे पाहिलं.

"मुद्दा आहे," ते म्हणाले. मग यमुनाबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी पायाशी ठेवलेल्या सुपातली एक शेंग उचलली. "मला बाजूला करू नका आता. न पळणाऱ्यांत मीही आहे."

निर्मात्याच्या इच्छेप्रमाणे

ऊन उतरायला लागलं होतं. यूडीचा फोन आला तेव्हा भाग्यश्रीने खरं ते सांगितलं.

"वॉट डू यू मीन, पळत नाहीत?" यूडी म्हणाला. "थांब. मी येतो."

तो आला. नवी कोरी चंदेरी गाडी गल्लीच्या तोंडाशी, कॅमेऱ्याच्या मागे उभी करून, काळा चष्मा डोक्यावर सरकवत तो थेट गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"नमस्कार. मी या फिल्मचा प्रोड्यूसर. आपल्याला फक्त पळायचंय. दोन मिनिटांचं काम आहे."

"आपण पुस्तक वाचलंय का?" यमुनाबाईंनी विचारलं.

"लहानपणी. अर्धं."

"कुठलं अर्धं?" आठल्यांनी उत्सुकतेने विचारलं.

यूडीने ते ऐकलं नाही. "मी दाखवतो. असे हात वर. असं तोंड. भाग्यश्री, सगळ्यांना जागेवर घे. योगेश, तू मागून ये." आणि त्याने हात वर करून, एखाद्या बाळाला 'भॉ' करावं तसं तोंड उघडून दोन उड्या मारल्या.

"तुम्हाला तरी कुठे जमतंय," यमुनाबाई म्हणाल्या.

"ॲक्शन," यूडी चिडून म्हणाला.

योगेशला वाटलं, खरंच टेक आहे. तो वळणावरून निघाला. मुनव्वरला माहीत होतं की टेक नाही, पण त्याने कॅमेरा सुरू केला. लग्नांमुळे त्याच्या हाताला एक सवय होती. कुठलीही आई रडण्याआधी सांगत नाही, तेव्हा माणसं जमली की बटण दाबून ठेवायचं.

आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी, वाहतूक पोलिसांच्या क्रेनने चंदेरी गाडीची पुढची चाकं उचलली.

यूडीने ते पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, पण मघासारखं नाही. डोळे बाहेर आले. हात वर गेले. घशातून जो आवाज आला तो कुठल्याही भाषेतला नव्हता. मग तो पळाला. कॅमेऱ्याच्या दिशेने, चष्मा पडला तरी न थांबता, कुर्त्याची टोकं उडवत, सुपावरून उडी मारून पळाला. त्याच्या मागून हिरवा योगेश स्प्रिंगा हलवत शांतपणे चालत येत होता. दोन्ही बाजूंना गल्ली उभी होती. रतनशेठ साबुदाणा मोजत होते. यमुनाबाई आणि आठल्ये मटार सोलत होते, आणि पळणारा समोरून गेला तेव्हा दोघांनी फक्त माना वळवून त्याला जाऊ दिलं.

"अहो, ती माझी गाडी आहे," कॅमेऱ्यामागून यूडीचा आवाज आला.

"नो पार्किंगमध्ये होती," हवालदार म्हणाले.

"पण शूटिंग माझंच आहे."

"म्हणूनच तर. शूटिंगसाठी रस्ता मोकळा ठेवा, असा अर्ज आलाय. खाली सही आहे, उत्तरेश्वर देवधर. ओळखता का त्यांना?"

मुनव्वरने बटण सोडलं. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "एक जण पळाला."

पडद्यावर

रीळ धुऊन आलं तेव्हा यूडी आणि भाग्यश्री अंधाऱ्या खोलीत शेजारी बसले होते. भाग्यश्रीने मनातल्या मनात जुन्या नोकरीच्या साहेबांना फोन करून ठेवला होता.

प्रसंग एकतीस आला आणि गेला.

"परत लाव," यूडी म्हणाला.

पुन्हा लावला. यूडी पुढे झुकला. "हे बाकीचे का पळत नाहीयेत?"

"सर, ते..."

"माझ्या मागे एलियन आहे. माझं तोंड बघ. आणि ही बाई..." त्याचा आवाज जरा हलला. "ही बाई मटार सोलतेय. हे आजोबा तिला मदत करतायत. मी यांच्या सुपावरून उडी मारतोय आणि यांनी सूप बाजूला पण घेतलं नाही." मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग तो खुर्चीच्या हाताला धरून हसला. प्रोजेक्टरवाला खिडकीतून डोकावला.

"हेच ठेव," डोळे पुसत यूडी म्हणाला. "आणि बाकी कोणाला पळवू नकोस. कुठेच. पूर्ण सिनेमात." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ते पुस्तक आहे का गं तुझ्याकडे? मला पुढचं अर्धं हवंय."

सिनेमा पूर्ण झाला आणि पुण्यात लागला. पहिल्या खेळाला यूडी मुद्दाम मागच्या रांगेत बसला. त्याच्या प्रसंगाला थिएटर इतकं हसलं की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. मध्यंतरात तो बाहेर चहाच्या रांगेत उभा होता. पुढच्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तो पळणारा तुम्हीच ना?"

"हो," यूडी म्हणाला. त्याने लाजून केसांवरून हात फिरवला.

"सिनेमा बरा आहे. पुस्तकाला धरून आहे. पण तुमचं काम, रागावू नका हं, अजिबात पटलं नाही."

"का?"

"फारच घाबरलात तुम्ही." गृहस्थांनी चहा घेतला, बशीत ओतला. "उद्या आमची गाडी उचलून नेली, तर समजू शकतो. मीसुद्धा पळेन. पण साध्या हिरव्या माणसासाठी इतकं कोण पळतं हो?"