मास्तरांनी विमानाला वाट दिली

"बेत असा आखलाय की त्यात माशी शिंकायला जागाच नाही!" असं म्हणून मास्तरांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि हात झटकले.

हे मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं स्वतःचं. अर्ध्या गावाला त्यांनी चाक धरायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला रस्ता ओलांडताना जपून राहायला, असं लोक म्हणत. पण मास्तरांचा जीव खरा अडकलेला विमानात! आकाशात घरघर झाली की हातातला घास तसाच ठेवून ते अंगणात पळत. एकदा तर दाढीचा साबण लावलेल्या अवस्थेत चौकापर्यंत गेले होते. विमान दिसलं नाही ते नाहीच, पण पोरांना चार दिवस पुरेल एवढी करमणूक झाली.

फळ्यावर तीन दिवसांच्या सफरीचा नकाशा होता. पहिल्या दिवशी मोठ्या विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून विमानं बघायची, दुसऱ्या दिवशी जुन्या इंजिनांचं संग्रहालय आणि तिसऱ्या दिवशी, चार वाजता, या सगळ्याचा कळस! चार पंख्यांचं एक म्हातारं मालवाहू विमान शेवटचं उडणार होतं. दुसऱ्याच एका, विमानांच्या संग्रहालयाच्या धावपट्टीवर उतरणार आणि तिथंच कायमचं बसणार.

"मग ते बसल्यावर जाऊ की सावकाश," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बसलेलं काय पळून जाणार आहे?"

"अगं, बसलेलं कुणीही बघेल! उडतं बघायचंय मला. परत जगात कुणाला दिसणार नाही ते!"

"येते मी. पण माझा भाऊ बरोबर हवा. आणि माझं शिकाऊ लायसन्स काढून ठेवलंय तुम्ही, त्याचं काय? दर रविवारी म्हणता पुढच्या रविवारी."

"परत आलो की लगेच!" मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं पाठ होतं, की ते झोपेतसुद्धा बिनचूक म्हणत.

तर निघाली मंडळी. गाडी अर्थातच शाळेची. तिच्या टपावर 'शिकाऊ चालक' असा हा भला मोठा फलक, आणि त्याचे बोल्ट गंजून असे बसलेले की गाडी मोडीत निघाली तरी फलक मागे उरला असता. आत गंमत वेगळीच. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच! त्या जागेवर बसल्या मास्तरीणबाई. मागे मेहुणा, गळ्यात दुर्बीण. मेहुण्याचं औषधांचं दुकान. डॉक्टरांचं अक्षर तो दुरून वाचे, पण आकाशातलं काही म्हणता काही ओळखता येत नसे.

"दाजी! विमान!"

मास्तरांची मान वर. गाडीची दिशा नाल्याकडे. मास्तरीणबाईंचा पाय ब्रेकवर. कच्चकन गाडी थांबली आणि मेहुण्याच्या मांडीवरचा डबा मास्तरांच्या मानेवर!

"घार होती दाजी."

"चालेल, चालेल. नजर असू दे वर."

पुन्हा निघाले. "दाजी, हे मात्र नक्की विमान!" पुन्हा मान, नाला, ब्रेक, डबा. ती पाण्याची टाकी निघाली, डोंगरावरची.

"अहो, रस्त्याकडे बघा!"

"मी डोळे मिटून चालवू शकतो!"

"तेच तर चाललंय."

पहिले दोन दिवस असे उड्या मारत, पण आनंदात गेले. कुंपणाशी विमानं पाहिली. जुन्या इंजिनांपुढे मास्तर इतका वेळ उभे राहिले, की एका बाईंनी त्यांनाच "हे कोणत्या सालचं?" म्हणून विचारलं, आणि मास्तरांनी अदबीनं स्वतःचं जन्मसाल सांगितलं. तिसऱ्या दिवशी मात्र घोळ झाला. संग्रहालय हाकेच्या अंतरावर, चार वाजायला थोडाच अवकाश, आणि मागून शिट्टी! मोटारसायकलवरून वाहतूक हवालदार आला.

"काय हो, उचकी लागलीय का गाडीला? केव्हापासून बघतोय. चार पावलं चालते, एक दचका खाते. शिकाऊ कोण आहे?"

"मी इतरांना शिकवतो!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"मग चाक तुमच्या हातात कसं? वर लिहिलंय शिकाऊ. कोण शिकतंय?"

"मी," मास्तरीणबाईंनी शांतपणे लायसन्स पुढं केलं.

हवालदारानं ते पाहिलं, मास्तरांना पाहिलं, फलक पाहिला. "म्हणजे शिकणारी बघत बसलीय आणि मास्तर गाडी चालवतोय! ही कुठली शाळा म्हणायची? बाई, तुम्ही या इकडे. चालवा. मी मागून येतो, बघतो काय शिकवलंय ते."

"अहो साहेब, चार वाजता विमान आहे!"

"तुम्ही नसलात तर उडायचं थांबणार आहे का ते?"

थांबणार नव्हतं, हेच तर मास्तरांचं दुःख! पण इलाज नव्हता. जागा बदलल्या. मास्तरीणबाईंनी पदर खोचला, चाक धरलं, आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे अशी निघाली, की शेजारून जाणारा एक म्हातारा सायकलवाला "येऊ द्या सावकाश" म्हणत पुढे गेला.

"आता तुम्हाला मोकळीक आहे," त्या म्हणाल्या. "बघा हवं तेवढं आकाश."

आणि इथंच मास्तरांचा घात झाला! उभ्या जन्मात या जागेवर बसून त्यांनी एकच काम केलं होतं. नजर शिकणाऱ्याच्या पायांवर, नाहीतर रस्त्यावर. मान वर करायची म्हटली तर मानेला जणू कुणी फळी बांधलेली! रस्ता संग्रहालयाच्या बुटक्या भिंतीला लागला.

"दुसरा गिअर! हळू सोड क्लच! आरशात बघ, हवालदार किती मागे आहे?"

मास्तरीणबाईंनी आरशात पाहिलं. "अगंबाई! केवढं मोठं येतंय मागून!"

"ट्रक असेल. घाबरू नकोस. बाजूला घे, त्याला पुढे जाऊ दे."

"अहो, पण ते…"

"वाद नको! मोठ्या वाहनाला वाट द्यायची!"

मागून मेहुणा मास्तरांचे खांदे बदडू लागला. "दाजी! दाजी!" यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"मागे बसणाऱ्यांनी शिकणाऱ्याचं लक्ष विचलित करायचं नाही!" मास्तर गरजले. तेवढ्यात असा घणघणाट झाला की काचा थरथरल्या.

"अगं क्लच दाब! इंजिन बोंबलतंय बघ कसं! क्लच!"

गाडीवरून एक सावली सर्रकन गेली. आभाळ आलं वाटतं, असं मास्तरांच्या मनात आलं. गाडी कडेला लागली. "आधी हँडब्रेक. मग गिअर मोकळा. मग किल्ली. शाबास!" सगळं नियमानुसार झाल्यावर मास्तरांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि मान वर केली.

आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. भिंतीपलीकडे धुळीचा लोट उठला होता आणि माणसं टाळ्या वाजवत होती. मागे हवालदार मोटारसायकलवरून उतरून, टोपी काढून, तोंड उघडं टाकून उभा होता.

"किती वाजले?" मास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं.

मेहुण्यानं फक्त डोळे पुसले.

आत गेले तेव्हा ते म्हातारं विमान चारही पंखे थांबवून शांत बसलं होतं. पांढऱ्या मिशांचा वैमानिक शिडीवरून उतरला. भोवती गर्दी. त्यात सगळ्यात पुढे मास्तरीणबाई.

"उतरताना तुमचा एक पंख जरासा खाली गेला, नंतर तुम्ही सावरलात," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं चाक किती हलकेच टेकवलंत! फुलावर पाखरू बसावं तसं!"

वैमानिक थक्क. "बाई, इतकं बारकाईनं कुठून पाहिलंत?"

"गाडी चालवत होते. आधी आरशात पाहिलं, आख्खा आरसा भरला होता! मग तुम्हाला वाट दिली आणि समोर पाहिलं."

"मला वाट दिलीत?" वैमानिक खो-खो हसला. "सगळं आयुष्य विमान चालवलं, पण रस्त्यावरच्या गाडीनं कधी वाट दिली नव्हती! आणि हे तुमचे यजमान ना? यांनी काय पाहिलं?"

सगळी गर्दी मास्तरांकडे वळली. मास्तर खोटं बोलणारे नव्हते. निदान गणवेशातल्या माणसापुढे तरी नव्हते.

"मी… हिच्या पायांकडे बघत होतो."

जो हशा उसळला, त्यानं ते म्हातारं विमानसुद्धा हललं म्हणतात! मास्तरीणबाई लाजून लालेलाल झाल्या. वैमानिकानं पुढे होऊन मास्तरांचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं,

"नवंच लग्न वाटतं?"