शून्य लिहिलं होतं मी

एकच प्रोग्राम लिहायचा आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा करून द्यायचा, ही युक्ती आमच्या ऑफिसात मी आणली. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. सध्या तर माझं नाव निघालं की लोक खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवतात.

आमची कंपनी बोलणाऱ्या लिफ्टचे प्रोग्राम करते. लिफ्टचं दार कधी लागणार, ती कुठे थांबणार आणि आतल्या माणसांशी काय बोलणार, हे सगळं आम्ही ठरवतो. आता दुकानातली लिफ्ट 'पुन्हा अवश्य या' म्हणाली तर बरं दिसतं. हॉस्पिटलातल्या लिफ्टने पेशंटला असं म्हणून चालेल का? म्हणून पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अख्खा प्रोग्राम वेगळा ठेवलेला असायचा. एकातली चूक सुधारली तरी बाकीच्यांत ती सुखाने नांदायची.

मी काय केलं? वाक्यांच्या फाइली वेगळ्या काढल्या आणि प्रत्येक फाइलला एक अट लावली. गिऱ्हाईक हॉस्पिटल असेल तर ही फाइल घ्या, दुकान असेल तर ती घ्या. शेवटी सगळ्या फाइली जोडून मशीनला कळेल असा एक प्रोग्राम बांधतात, त्याला आम्ही कंपाइल करणं म्हणतो. त्या वेळी ज्या फाइलची अट जुळत नाही ती आत येतच नाही. प्रवासाची बॅग भरताना थंडी असेल तर स्वेटर घ्यायचा, नसेल तर तो कपाटात राहतो, इतकं सोपं. साहेब खूश झाले. त्याच उत्साहात मी ही कपाटाची गोष्ट सासूबाईंनाही समजावून सांगितली.

"म्हणजे तुम्ही बॅगा भरता का?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माणूस मनाने चांगलं, पण माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावई काय करतो हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांच्या बहिणीचा फोन आला की मी शेजारच्या खोलीतून ऐकायचो. "जावई ना? आहेत की. कॉम्प्युटरवर बसतात." बसतात म्हणे! कोंबडी अंड्यावर बसते. मी काम करतो. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? मनाला फार लागायचं.

म्हणून हॉस्पिटलच्या नव्या लिफ्टचं काम आमच्याकडे आलं तेव्हा मी ठरवूनच टाकलं. गुडघ्यांचे डॉक्टर त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर बसत. (ते बसले तर चालतं.) मी बायकोला म्हणालो, "आईंना लिफ्ट सुरू होईल त्याच दिवशी दाखवायला नेऊ. माझ्या लिफ्टमधून वर जातील, माझी लिफ्ट त्यांच्याशी अदबीने बोलेल, आणि साहेब सगळ्यांसमोर सांगतील की हे आमच्या यांचं काम. मग बघू कोण म्हणतं बसतात म्हणून."

"लिफ्ट नीट चालेल ना?" बायको म्हणाली. घरातल्या माणसाचा विश्वास हा असा.

आता एक छोटी गोष्ट मध्येच सांगावी लागेल. हॉस्पिटलची वाक्यं ज्या बाईंच्या आवाजात रेकॉर्ड व्हायची होती, त्यांचा घसा बसला होता. तोवर लिफ्ट तपासायची कशी? म्हणून 'चाचणी' नावाची एक फाइल करून मी माझ्याच आवाजात तात्पुरती वाक्यं भरली. आवाज जरा बारीक काढला होता. वाक्यंही कुठून तरी आणायला हवीतच, आणि घरी रोज भरपूर कानावर पडत होती. मीटिंगरूमचं दार लावून घेतलं आणि सुचतील तशी म्हणून टाकली. या फाइलला अट अशी होती की चाचणी असेल तरच ती आत घ्यायची, आणि ती आत असेल तर तिचीच वाक्यं आधी बोलायची.

पुढे त्या बाईंचा घसा सुटला, गोड आवाजातली वाक्यं आली. मी सेटिंगच्या फाइलमध्ये जिथे 'चाचणी एक' लिहिलं होतं तिथे 'चाचणी शून्य' केलं. शून्य म्हणजे नाही. जगात सगळीकडे शून्य म्हणजे नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतो. प्रत्येक गोष्टीत शंका काढतो म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणतात. तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "ती ओळच काढून टाक ना."

"कशाला? उद्या परत लागली तर? शून्य केलंय."

"एकदा लावून ऐकून तरी बघ."

ऐकणार कुठून? माझ्या टेबलावरचा स्पीकर साहेबांनी काढून नेला होता. त्यांना त्या आवाजाने दचकायला व्हायचं. मी कंपाइल केलं, एकही तक्रार आली नाही, आणि प्रोग्राम हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये जाऊन बसला.

ठरल्या दिवशी आम्ही खाली हॉलमध्ये उभे. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, नवा टाय लावलेले आमचे साहेब, हत्यारांची पिशवी घेतलेला शंकासुर, बायको, आणि काठी टेकत सासूबाई. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दार उघडलं, आम्ही सगळे आत शिरलो, आणि पाठोपाठ नातेवाईक, नर्स, फायली घेतलेले लोक असे जागा मिळेल तसे आत घुसले. वजन जास्त झालं. मी सासूबाईंकडे बघून म्हणालो, "आता ऐका हं."

लिफ्ट म्हणाली, "मी नाही बाई हलायची. जाडजूड माणसांनी आधी खाली उतरा. बघत काय राहिलात?"

आमचे साहेब अंगाने भरलेले आहेत. सगळ्यांच्या नजरा हळूहळू त्यांच्याकडे वळल्या.

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "कोणीतरी बोलायलाच हवं होतं."

साहेब टाय सावरत उतरले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघेजण निमूटपणे उतरले. लिफ्ट निघाली.

"हळू, हळू. घाई करून मेलं काय मिळवायचंय?" लिफ्ट म्हणाली.

मी लिफ्टच्या छताकडे बघत होतो. बायको माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखतो. तिसरा मजला आला, आणि लिफ्टने असा उसासा टाकला की मलाच माझ्या मेहनतीचं वाईट वाटलं. "आलं एकदाचं. माझ्या गुडघ्यांचं कोणाला काही आहे का?"

"अगं बाई," सासूबाई कळवळून म्हणाल्या, "हिचेही गुडघे?" आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून, "या बाईंना काय औषध दिलंय तुम्ही? मलाही तेच द्या."

डॉक्टरीणबाई रुमाल तोंडाला लावून बाहेर पडल्या. आम्ही बाहेर पडेपर्यंत दार उघडं राहिलं, तर मागून आवाज आलाच. "दार लावायला हात झिजतात का कोणाचे?" बाकावर बसलेला, प्लास्टरमध्ये हात असलेला एक पेशंट दचकून उठला आणि दार लावायला आला. लिफ्टचं दार आपोआप लागतं हे त्याला कोणीतरी समजावून सांगितलं.

सासूबाई गुडघे तपासून घ्यायला आत गेल्या आणि मी जिन्याने खाली पळालो. साहेब हॉलमध्ये लाल होऊन उभे होते. "काय प्रकार आहे हा? जाडजूड माणसं म्हणजे कोण?"

"साहेब, ही फाइल आत येणंच शक्य नाही. मी शून्य लिहिलंय."

शंकासुराने तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला. मी त्याला बोट ठेवून दाखवलं. "हे बघ. चाचणी शून्य. एवढं गोल शून्य दिसत नाही का त्या कंपाइलरला?"

"त्याने शून्य बघितलंच नाही," शंकासुर शांतपणे म्हणाला. त्याचा हा शांतपणा मला अजिबात सहन होत नाही. "तुझी अट काय विचारते? चाचणी नावाचं काही लिहिलेलं आहे का? आहे. फाइल आत."

"पण त्याची किंमत शून्य आहे!"

"किंमत विचारलीच कुठे?"

"विचारायला नको? समजा, दारावर पाटी लावली की आज डॉक्टर नाहीत. तर पाटीवर डॉक्टर हा शब्द आहे म्हणून लोकांनी आत शिरायचं?"

"पाटीवर डॉक्टर शब्द आहे का, एवढंच बघा, असं तूच सांगून ठेवलंयस. ही अट तू लिहिलीस."

आता तुम्हीच सांगा, हा न्याय झाला? 'नाही' असं स्वच्छ लिहून दिल्यावरही 'विषय तर काढलात ना' म्हणून डोक्यावर खापर फोडायचं? मी रागारागाने ती ओळच पुसली, पुन्हा कंपाइल केलं, आणि शंकासुराने नवा प्रोग्राम लिफ्टमध्ये चढवला.

मग लिफ्ट गोड आवाजात म्हणाली, "कृपया भार कमी करावा. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." आतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. हललं कोणीच नाही. लिफ्ट पुन्हा म्हणाली, कृपया. पुन्हा कोणी नाही. बाहेर स्ट्रेचरवरचा पेशंट तसाच ताटकळत राहिला.

डॉक्टरीणबाई खाली आल्या होत्या. जरा वेळ हे बघून त्या म्हणाल्या, "ती आधीची बाईच बरी होती. तिच्या एका शब्दावर माणसं उतरली. तिलाच ठेवा." तेवढ्यात बायको सासूबाईंना घेऊन जिना उतरून आली. लिफ्टमध्ये जागाच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना विचारलं, "कोण आहेत हो त्या बाई?"

साहेबांचा लाल रंग एका क्षणात उतरला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बाई कुठल्या? हे आमचे हेच. खास हॉस्पिटलसाठी ही सोय केली आम्ही, आजच परत चढवतो. हे सगळं यांचं काम."

सगळ्यांसमोर म्हणाले. सासूबाईंसमोर म्हणाले. अगदी मला हवं होतं तेच वाक्य. सासूबाई घरी येईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

घरात शिरल्याबरोबर बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तो आवाज कोणाचा काढला होतास?"

"हे बघ," मी म्हणालो, "आईंचा त्यात काहीही संबंध नाही. आईंबद्दल माझी शून्य तक्रार आहे."

"मी आईचं नाव घेतलं होतं?"

किंमत इथेही कोणी विचारत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. नाव निघालं की फाइल आत. मग त्या फाइलमधलं एकेक वाक्य मला ऐकवण्यात आलं, माझ्यापेक्षा कितीतरी सरस आवाजात.

पण खरी भीती वेगळीच होती. सासूबाईंना कळलं असेल का? त्या आतल्या खोलीत फोनवर बहिणीशी बोलत होत्या. मी पाण्याचा ग्लास नेऊन द्यायच्या निमित्ताने दाराशी गेलो आणि तिथेच थबकलो.

"कळलं गं शेवटी, जावई काय करतात ते," सासूबाई सांगत होत्या. "लिफ्टमध्ये बायकी आवाजात बोलतात. हो ना, चांगली नोकरी आहे, मोठमोठे डॉक्टर विचारत होते. नाही गं, बसत नाहीत. काय सांगू तुला, काय नक्कल करतात! अगदी हुबेहूब तू. तीच कुरकुर, तेच गुडघे. मला पहिल्याच वाक्याला तू आठवलीस, पण म्हटलं तुझं नाव कशाला घ्या चारचौघांत."

मी पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून मागे सरलो आणि दार हळूच लावून घेतलं. उघडं टाकलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, ते आता अख्ख्या हॉस्पिटलला पाठ आहे.