डब्यातला धवला

हितेशला काही म्हणजे काही टाकवत नाही, हे काशीबाईंचं जुनं गाऱ्हाणं. गडबच्या नाक्यावर वडा खाल्ला, काढ फोटो. रस्त्यात खड्डा दिसला, काढ फोटो. त्याच खड्ड्यात पाणी साचलं, पुन्हा काढ. पूर्वी निदान फोन भरला की तो फोनच बोंबलायचा आणि हितेशला काहीतरी पुसावं लागायचं. पण औंदा त्याने रोह्याच्या कंपनीतून येताना फोटो साठवायचा एक काळा डबा आणला. काडेपेटीहून जरासा मोठा.

"आये, आता जन्मभर जागेची चिंता नाय. घरातल्या सगल्या सीड्या पन यात भरल्या."

काशीबाईंनी डबा तळहातावर तोलला. "भरल्यास, मंग जड कसा झाला नाय?"

काशीबाईंना ते पटेना. कणगी भरली की हलत नाही, हंडा भरला की उचलत नाही, आणि हा डबा म्हणे गावाएवढा भरलाय आणि खिशात मावतोय. तरी लेकाच्या शब्दावर त्यांनी मोकळ्या झालेल्या सीड्या दोऱ्यात ओवल्या आणि चिमण्या हाकायला वालाच्या शेतात टांगल्या.

मग नातीचं, हितेशच्या नमिताचं लग्न ठरलं. रोह्याची विहीण सुपारीला आली, तेव्हा म्हणाली, "आमी हलदीला बँजो सांगितलाय. तुमच्याकडं काय?"

"आमच्याकडं शांतीचा धवला," काशीबाई म्हणाल्या. "ती गेली, पन गला राखून ठेवलाय आमी."

शांती म्हणजे त्यांची थोरली जाऊ, पंचक्रोशीत धवले म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी मानाची धवलारीण. तिच्या धवल्याशिवाय अंगाला हळद लागत नसे. काशीबाई आणि शेजारची अनिता जन्मभर तिच्या मागे बसून नुसता शेवटचा शब्द धरायच्या. अख्खा धवला दोघींनाही येत नव्हता. तो होता हितेशच्या लग्नाच्या सीडीत, म्हणजे आता डब्यात.

हळदीच्या आदल्या दिवशी काशीबाई म्हणाल्या, "काढ."

हितेशने डबा टीव्हीला जोडला. आत कप्पे निघाले. एकाचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन नवीन', तिसऱ्याचं 'शेवटचं', आणि त्याच्या पोटात 'शेवटचं खरं'.

"लग्न कशात हाय?"

"कशात तरी हाय."

एकेक उघडायला सुरुवात झाली. खड्डा निघाला. पाण्याचा खड्डा निघाला. बोकड निघाला, समोरून, बाजूने, मागून. मांडवातल्या बायका हळद दळायची सोडून टीव्हीपुढे बसल्या. इतक्यात नमिताच्या बारशाची पंगत आली, मागे अनिताचं अंगण दिसलं आणि काशीबाई पुढे सरकल्या.

"थांबव. अनिता, त्या तुझ्या चुलीवर पातेलं कुनाचं गो?"

"माझ्या म्हायेरचं."

"म्हायेरचं? कडेला पोचा बघ. यो मीच पाडलाय. मी इचारलं तवा नाय म्हनालीस."

"आनि त्या तुझ्या हातात सूप कुनाचं, ते पन बघ की," अनिता म्हणाली आणि रुसून भिंतीकडे तोंड करून बसली.

दुपार कलली तरी लग्न सापडेना. शेवटी काशीबाईंनी नमिताला शेतावर पिटाळलं. ती सीड्यांची माळ घेऊन आली. उन्हाने पापुद्रे सुटलेले, वर चिमण्यांची शिट.

"चिमन्या भ्याल्या नायत वाटतं," हितेश म्हणाला. काशीबाईंनी नुसतं बघितलं आणि तो मुकाट्याने पुन्हा डब्यात शिरला.

दिवेलागणीला तो ओरडला, "घावलं."

पडद्यावर मांडव आला, पाट आला, पाटावर मिशीवाला बारका हितेश आला. आणि त्याच्या बाजूला, पदर खोचून, शांती. काशीबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. शांतीने तोंड उघडलं आणि त्यातून कुठल्याशा पिक्चरचा हिरो हिरॉईनला बर्फात बोलवायला लागला.

"ह्ये काय?"

"कॅमेरावाल्यानं वरून गानं टाकलंय," हितेश पुटपुटला. "तवा तशीच फ्याशन होती."

"मंग वरचं काढ, खालचं ऐकव."

"खालचं ऱ्हात नाय, आये. पुसलं जातं."

"येवढी जागा, आनि दोन गानी शेजारी बसवता आली नायत?"

उद्या हळद घेऊन येणाऱ्या विहिणीसमोर काय लावायचं, हे काशीबाईंना सुचेना. पडद्यावर शांती मन लावून गात होती आणि वर हिरोचा आवाज बर्फात घसरत होता. तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या अनिताने मान वळवली.

"आवाज बंद कर रे. काशे, तिचं त्वांड बघ. 'हलद' म्हनतेय ती."

"'हलद' नंतर ओठ मिटले. 'मांडव'."

"'मांडवाचे दारी.' व्हय गो, तीच ती."

आवाज बंद झाला. शांतीच्या ओठांवर डोळे लावून दोघी एकेक शब्द उचलायला लागल्या. एकीला अडलं की दुसरी ढकलायची. मागच्या बायका सूर धरू लागल्या. पातेलं आणि सूप यांचा विषय तात्पुरता मिटला. ओळीमागून ओळ उभी राहिली आणि धवला शेवटाला पोचला.

हितेशने घाईघाईने फोन काढला. "आये, परत एकदा म्हना. डब्यात ठेवतो."

काशीबाईंनी पदर खोचला.

"फोन ठेव खाली. जागा लय घेतलीस, आता जरा तोंडात साठव. हितं मागं बस आनि शेवटचा शब्द धर. उद्या रोहेकरनींसमोर आमच्या मागं तूच गानार हायस."