कांताकाकूंची खाट आणि दीक्षाचं उत्तर

वैशाली नगरातल्या कांताकाकूंच्या गच्चीवरचा मोबाईल टॉवर, कंपनीचा तंत्रज्ञ सुमेध वर चढला की बरा व्हायचा आणि तो खाली उतरला की पुन्हा आजारी पडायचा. सुमेधनं केबलची तोंडं उघडून पुसली, कनेक्टर नवे बसवले, नट आवळले. मीटर म्हणायचं, सगळं स्वच्छ. मग तो जिना उतरून गाडी सुरू करायचा आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या फोनांमध्ये घरघर सुरू व्हायची.

आजार तसा ओळखीचा होता. अँटेनातून दोन जोरदार सिग्नल निघतात. एखाद्या ढिल्या किंवा गंजक्या सांध्यावर ते भेटले, की तिथून तिसराच एक निघतो, कुणीही न बोलावलेला. तो इतका गोंगाट करतो, की फोनचा बारीक आवाज टॉवरला ऐकूच येत नाही.

असा एक बारीक आवाज मागच्या गल्लीत राहणाऱ्या दीक्षाचा होता. सुमेधनं तिला लग्नाचं विचारलं होतं. समोरासमोर तिला बोलवेना, म्हणून "फोन पे बताती हूँ" म्हणाली होती. रोज तिचा फोन यायचा. "सुनो, मैंने सोच लिया है. माझं उत्तर..." पुढे घरघर. मग कट.

"कनेक्टर बदलला का?" ऑफिसातून त्याच्या वरिष्ठानं, देवेंद्रनं फोनवर विचारलं.

"बदलला ना भैया. परत परत बदलला."

"अजून एकदा बदल."

सुमेधनं अजून एकदा बदलला. खाली आल्यावर लक्षात आलं, पाना वरच राहिला. तो परत चढला. उन्हं कलली होती, दूरच्या कारखान्याच्या धुराड्यांवरचं आभाळ तांबूस झालं होतं, आणि त्या तांबूस उजेडात कांताकाकू एक लोखंडी खाट ओढत अँटेनाच्या तोंडासमोर नेत होत्या. खाटेवर पांढऱ्या कुरडया ढगांसारख्या पसरल्या होत्या.

"अगा माय! परत आला का बाबू? थांब, हटवतो."

"काय हटवता काकू?"

"खाट. तू येऊन राहिला दिसलं का मी हटवतो. कामाचा मानूस, तुया पायात कायले?"

"अन् मी गेल्यावर?"

"मांडतो ना परत. या डब्ब्यासमोर कुरडया खायले वांदरं येत नाहीत, भेतात."

सुमेधनं खाली वाकून पाहिलं. खाटेची जाळी तारांच्या कड्यांची होती. प्रत्येक कडी गंजलेली, प्रत्येक कडी ढिली, वाऱ्यानं हळूच हलणारी. इतके वाईट सांधे त्यानं एका जागी कधी पाहिले नव्हते. त्याला ते जवळजवळ सुंदर वाटले.

खाट जिन्यात गेली. तेवढ्यात दीक्षाचा फोन आला. आवाज इतका साफ, की तिच्या घरातल्या कुकरची वाफ ऐकू येत होती.

"सुनो, मैंने सोच लिया है. माझं उत्तर..."

"हं?"

"आज आवाज लय साफ येऊन राहिला."

"दुरुस्त केलं ना!"

"पूरा?"

"पूरा."

कुकर गप्प झाला. 

"मग... कल बताती हूँ," ती म्हणाली. कट.

सुमेध अँटेनाकडे बघत उभा राहिला. इतके दिवस टॉवर फोन कापत होता की दीक्षा, हे कुठल्याच मीटरवर दिसणारं नव्हतं.

"काकू," तो जिन्यात जाऊन म्हणाला, "एका बाजूनं धरा बरं."

"कायले?"

"खाट मांडू."

"बने हाय ना रे तू? डोस्कं ठीक हाय ना?"

खाट अँटेनासमोर आली. वाऱ्यानं कड्या हलल्या. सुमेधनं फोन लावला आणि घरघर सुरू होताच ओरडला, "हॅलो! काहीच ऐकू येऊन नाही राहिलं! एक अक्षर नाही!"

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या तळाशी, सुईएवढा आवाज आला.

"तो सुनो. हो. कधीचंच हो आहे, बावळट."

सुमेध खाटेच्या कडेवर अलगद बसला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिनं परत सांगितलं. त्याला परत ऐकू आलं नाही.

काळोख व्हायच्या आधी देवेंद्रचा फोन आला. "सापडला का रे दोष?"

"सापडला भैया."

"मग हटव ना! कावून थांबला?"

सुमेधनं एक कुरडई बोटानं दाबून पाहिली. वाळत आली होती. त्यानं ती उलटवून ओली बाजू वर केली.

"अजून ओल्या आहेत," तो म्हणाला.